साफ केलेला ट्रॅक

कंपनीची बस कुरुळीच्या पुढे आली तेव्हा दिपालीच्या कानांत तिचाच ट्रॅक वाजत होता आणि त्यात शिट्टी नव्हती. आधी तिला वाटलं, बसमुळे. बस जुनी, काचा खडखडणाऱ्या, मागच्या सीटवर पेंट शॉपमधली मुलं कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ मोठ्यानं बघत होती. आणि शिट्टी मुळात बारीक. तिनं हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरले आणि ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावला. किक आली, ढोलासारखी. तिच्यामागून तीन आठवडे घासून घासून जमवलेला, तळघरातून वर चढत असल्यासारखा बेस आला. सगळं जागच्या जागी. पण या सगळ्याच्या वर, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सुईनं ओढल्यासारखी जी एक रेघ ताणलेली असायला हवी होती, ती नव्हती. तिथं फडक्यानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ जागा होती. आणि खाली, तळाशी, तिनं कधीच न टाकलेलं काहीतरी होतं. धप्प. दर आठ ठोक्यांना एकदा, धप्प. ते काय आहे हे कळायला तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. भोसरीत वाढलेलं पोर शाळेची घंटा ओळखायच्या आधी पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसचा आवाज ओळखतं.

मोशीला ती बसमधून उतरली. अजून दोन स्टॉप होते, पण आत बसवेना. दुपारचे चार वाजले होते, रस्त्यावरून कंटेनर एकामागून एक जात होते, आणि ती एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून, डोळे मिटून, तिसऱ्यांदा ऐकत उभी राहिली. शेवटही कापला होता. तिच्या ट्रॅकमध्ये ठोके थांबत आणि मग दीड मिनिट नुसती शिट्टी उरत असे. ऐकणाऱ्याला वाटावं की आता संपलं, आणि मग लक्षात यावं की संपलेलं नाही, हे कधीच संपणार नाही. ते दीड मिनिट गेलं होतं. ठोके विरत विरत दहाव्या ट्रॅकमध्ये मिसळले होते, अगदी सफाईनं. तिनं डोळे उघडले आणि तिचा ट्रॅक प्रसिद्ध करणाऱ्या अनिशनं पाठवलेलं पान वर-खाली करून पाहिलं. ‘तिसरी पाळी’. चौदा जणांचे चौदा ट्रॅक, एकत्र एका कॉम्पिलेशनमध्ये; आधी इंटरनेटवर, मग काळ्या तबकडीवर. रविवारी सकाळी महाळुंग्याच्या एका रिकाम्या गोदामात प्रकाशन. नवव्या क्रमांकावर तिचं नाव, आणि नावाखाली दोन ओळी: ‘चाकणच्या कारखान्यात राबणारे हात. यंत्रांच्या पोटातून जन्मलेलं संगीत.’ तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हे हात दिवसभर पांढरे मोजे घालून, एअर कंडिशनरच्या खोलीत, ब्रेकच्या सुट्या भागांची भोकं गेजनं तपासत. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पाच वर्षांची नोकरी, क्वालिटी इन्स्पेक्टर. दोष कुठला आणि दोष कुठला नाही, हे ठरवण्याचाच तिला पगार मिळत होता. राबणारे हात! तिच्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं, आणि त्या धडधडीतही तिला आठ ठोक्यांनंतर धप्प ऐकू आलं.

राग आला की दिपालीचं अंग गार पडत असे. लहानपणी आई म्हणायची, या पोरीला ताप चढायच्या ऐवजी उतरतो. त्या गार अंगानं ती शटरला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, हे आपल्याबाबतीत कॉम्पिलेशननं करावं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं. कॉम्पिलेशन ही तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट होती जिनं तिला कधी कोण, कुठली, कुणाची असं विचारलं नव्हतं. पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलवर मोनिका नावाची एक नागपूरची मुलगी होती, तिच्या लॅपटॉपमध्ये असल्या शेकडो फाइली होत्या. कुठल्या कुठल्या गावांतली बारकी लेबलं, संगीत प्रसिद्ध करणारी, पाच-सात माणसांनी चालवलेली. वर्षातून एकदा दहा-बारा अनोळखी लोकांचे ट्रॅक गोळा करायचे आणि एका नावाखाली सोडून द्यायचे. फोटो नाही, आडनाव नाही. कधी तर ट्रॅकलाही नाव नाही, नुसता आकडा. चेहऱ्यांवाचूनचं ते संगीत दिपालीला पहिल्यांदा ऐकताना रिकाम्या जिन्यावरून कुणीतरी चालल्यासारखं वाटलं होतं. मग सवय लागली. एकेका कॉम्पिलेशनमध्ये अकरा ट्रॅक कंटाळवाणे असत आणि बारावा असा असे की जेवणाचं ताट तसंच राहावं. तो बारावा कुणी केलाय, बाईनं की पुरुषानं, कुठल्या बोळात बसून, हे कधी कळत नसे आणि कळू नये असंच तिला वाटे. तिथं कुणी पुढं नसे, कुणी मागं नसे. आपलाही एक ट्रॅक असाच कुठंतरी नववा असावा, इतकीच तिची हाव होती. आठ वर्षांनी ती पुरी झाली, आणि ही अशी.

आणि शिट्टी. ती शिट्टी तिनं केलेली नव्हती, ती अप्पांची होती. ज्योतीराम, तिचे वडील, परांड्याहून भोसरीला आले तेव्हा एकवीस वर्षांचे होते, आणि सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत एकाच प्रेसशॉपमध्ये राहिले. पत्र्याची शेड, आत अकरा प्रेस, मधे एक हात अंतर. कानात घालायला कापूस मिळायचा, तोही स्वतःच्या गादीतला. घरी आले की ते ओरडून बोलत, आणि शेजारच्या गिरजाबाई आईला विचारत की रोज कसलं भांडण चालतं. भांडण नव्हतंच, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मग एक दिवस ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की कुकरची शिट्टी बंद कर. कुकर चढवलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, मग जिन्यातल्या मीटरपाशी कान लावून उभे राहिले. आठ-दहा दिवस ते घरभर ती शिट्टी शोधत होते आणि दिपाली, तेव्हा दहावीतली, त्यांच्यावर चिडत होती. ती आपल्याच डोक्यात वाजते आहे हे त्यांना कळलं त्या दिवशी ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले आणि जेवायला उठले नाहीत. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की आतले तंतू गेले, ऐकणं परत यायचं नाही आणि शिट्टी जायची नाही. कंपनीच्या साहेबानं सांगितलं की वयोमानानं होतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी वयोमान! दिपालीला सगळ्यांत जास्त चीड याची आली होती की अप्पांनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बाहेर येऊन आईला म्हणाले, साहेब चांगला माणूस हाय, उभ्या उभ्या न्हाई बोलला, खुर्ची दिली.

मागल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिनं ती शिट्टी मोजली. लॅपटॉपवर एक साधा सूर लावायचा, अप्पांच्या कानांवर हेडफोन, आणि सूर हळूहळू वर चढवत न्यायचा. वरचे आवाज त्यांना जवळजवळ येतच नसत, म्हणून आवाज थोडा वाढवून, लगेच कमी करून, जपत जपत चाललं होतं. तीन दुपारी गेल्या. अप्पा डोळे मिटून हातानं खूण करत: वर, अजून वर, जरा खाली. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात हवेतच थांबला. ‘‘हां,’’ ते म्हणाले. ‘‘हीच ती सटवी.’’ पाच हजार आठशे हर्ट्झ. त्यांचा चेहरा उजळला होता. चोर सापडावा तसा. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशिवाय आणखी कुणीतरी ती ऐकत होतं. आईला, रुक्मिणीबाईंनाही, त्यांनी बोलावून हेडफोन लावला. रुक्मिणीबाईंनी अर्धा मिनिट ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि काही न बोलता मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या रात्रीपासून ती शिट्टी दिपालीला कामावरही आठवत राहिली. तिला त्या शिट्टीभोवती काहीतरी बांधायचं होतं. नाचावंसं वाटेल असं काहीतरी, ज्यात माणूस नाचत नाचत गुरफटेल आणि मग ठोके काढून घेतले की एकटा उरेल, तिच्याबरोबर. कधी कधी तिला स्वतःचीच शरम वाटे. बापाच्या डोक्यातलं दुखणं काढून तू ट्रॅक केलास, असं मनातलं कुणीतरी म्हणे. पण अप्पांना विचारून केलं होतं. त्यांनी म्हटलं होतं, कर की, माझ्या काय कामाची हाय.

मोशीहून ती घरी गेली नाही. रिक्षानं भोसरीला आली, बसच्या स्टॉपपाशी लावलेली स्कूटर काढली आणि नाशिक फाटा, काळेवाडी, डांगे चौक असं करत सव्वा तासानं माण गावात पोचली. अनिश तिथल्या एका नव्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहत असे. त्याचे वडील सुरेंद्र एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते, तो स्वतः आयटीत, आणि उरलेल्या वेळात त्यानं आणि त्याच्या बायकोनं, पूर्वीनं, हे लेबल उभं केलं होतं. दोघं वाईट नव्हती. हेच दिपालीला वाटेत सारखं टोचत होतं. अनिशनं तिचा ट्रॅक पहिल्यांदा ऐकल्यावर पाच पानी मेल लिहिली होती, आणि ती मेल तिनं अजून जपून ठेवली होती. पूर्वीनं दार उघडलं, तिला बघून खरोखरच आनंदली, कॉफी घेणार का म्हणाली. दिपाली उभीच राहिली. गॅलरीतून खाली माणचं जुनं गावठाण दिसत होतं, त्याच्यापलीकडे काचेच्या इमारती, त्यांच्यावर उतरतं ऊन.

अनिशनं शांतपणे सगळं सांगितलं. मास्टरिंग करणाऱ्याला, म्हणजे ट्रॅकवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, फाइलमध्ये एक रिंगिंग सापडलं, सलग, एकाच फ्रिक्वेन्सीला. त्याला वाटलं रेकॉर्डिंगमधला बिघाड, त्यानं तेवढी पट्टी कापून घेतली. शेवट लांबत होता, पुढच्या ट्रॅकला जोडताना अडचण येत होती, म्हणून छोटा केला. आणि तो प्रेसचा ठोका अनिशनं स्वतः टाकला होता. एका कारखान्यात रीतसर परवानगी काढून, कानांना आवाज अडवणारे मफ लावून, त्यानं तो अर्धा दिवस रेकॉर्ड केला होता. चार ट्रॅकमध्ये तो ठोका आहे, म्हणाला. कॉम्पिलेशन म्हणजे नुसती बेरीज नसते, सगळ्यांतून एक धागा जावा लागतो.

‘‘मला न विचारता?’’ दिपाली म्हणाली.

‘‘म्हणून तर पाठवलं ना आधी. परवानगीची मेल आल्याशिवाय मी काहीच बाहेर काढणार नाही.’’ तो थोडा दुखावला होता. ‘‘पण दिपाली, खरं सांगू? ती शिट्टी कानाला त्रास देत होती.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘मग?’’

तो वाट बघत होता. त्याच्याशेजारी पूर्वी, हातात कॉफीचा मग घेऊन. आता सांगायचं, की ती शिट्टी काय आहे. तीन वाक्यांत सांगून झालं असतं. वाक्यं ओठांवर आलीही. आणि त्याच क्षणी दिपालीला पुढचं सगळं दिसलं. अनिशचे डोळे पाणावणार. ते खोटं नसणार. तो म्हणणार, अगं, हे आधी का नाही सांगितलंस, आणि शिट्टी परत येणार, दीड मिनिट परत येणार, आणि नावाखालच्या दोन ओळींच्या चार होणार. ‘बहिऱ्या बापाच्या कानातला आवाज.’ तबकडीच्या कव्हरवर कदाचित अप्पांचा फोटो, पलंगावर बसलेले, खिडकीतून येणारं ऊन. रविवारी गोदामात कुणीतरी ते वाचून शेजारच्याला दाखवणार आणि मग नाचणार. साहेबानं खुर्ची दिली होती. हा कव्हर देईल. तिनं ओठ मिटून घेतले.

‘‘शिट्टी परत घाला, शेवट परत घाला, तो ठोका काढा आणि त्या दोन ओळी काढा,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर माझा ट्रॅक काढा.’’

अनिशनं कपाळ चोळलं. ओळी काढतो म्हणाला, लगेच. पण तबकडी एका बाजूला सात ट्रॅक अशी सलग जोडलेली आहे. चौथ्यापासून प्रत्येक ट्रॅक पुढच्यात उतरतो. नववा हलवला की दुसरी बाजू पूर्ण नव्यानं करावी लागेल, तबकड्या छापणाऱ्याकडची तारीख जाईल, ती पुन्हा दोन महिने मिळणार नाही, रविवार रद्द. चौदा जण आहेत दिपाली, तो म्हणाला. तू एकटी नाहीस. आणि मग, अगदी मनापासून, त्यानं विचारलं: ‘‘एवढं काय आहे त्या शिट्टीत?’’

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘बिघाड आहे.’’

ती जिन्यानं निघाली. लिफ्टची वाट बघत त्या दोघांच्या दारासमोर उभं राहणं तिला शक्य नव्हतं. सहा मजले खाली येईपर्यंत फोन दोनदा वाजला. बंटी. अनिशनं तिच्या आधीच त्याला कळवलेलं दिसत होतं. बंटी भोसरी गावातला, जुन्या घरातला. त्याच्या आजोबांची जमीन एमआयडीसीत गेली आणि नातू त्याच जमिनीवरच्या एका शेडमध्ये लेथ चालवत होता. वय एकतीस. दिपालीला कॉम्पिलेशनची गोडी मोनिकानं लावली, तशी बंटीला दिपालीनं. त्याचा ट्रॅक तिसरा होता. पहिलाच.

लांडेवाडीच्या चौकात चहाच्या गाडीपाशी तो तिची वाट बघत थांबला होता. युनिफॉर्म अजून अंगावर, बाहीवर तेलाचे डाग. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. घरी सगळ्यांना सांगून झालंय, तो म्हणाला. बायकोनं साडी काढून ठेवलीय, चुलते येणार आहेत, ज्या चुलत्यांनी आजवर त्याच्या गाण्याला डबा वाजवणं म्हटलं ते. दिपालीनं त्याला विचारलं की तुझ्याही ट्रॅकमध्ये तो प्रेसचा ठोका घातलाय, ऐकलास का. ऐकला, तो म्हणाला, आणि जरा थांबून, चोरून बोलल्यासारखा म्हणाला की त्याला तो आवडला. दिवसभर भिंतीपलीकडे तीन प्रेस धडधडतात, त्यांना कधी ताल असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. ऐकलं आणि छाती भरून आली.

दिपालीचा पारा तिथं चढला. चहाचा कप तिनं गाडीवर आपटला, थोडा सांडला. आवडला? ज्या आवाजानं माणसं बहिरी होतात, तो एकजण मफ लावून येतो, अर्धा दिवस ऐकतो आणि घेऊन जातो, आणि तुला आवडतो? ती बरंच काही बोलली. भाडोत्री म्हणाली, मिंधा म्हणाली. बंटीनं ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. त्याच्या त्या खाली मानेत तिला क्षणभर अप्पा दिसले, साहेबासमोरचे, आणि ती अधिकच चिडली.

‘‘तुझं समदं बरोबर हाय,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण बरोबर असायला तुला परवडतं, दिपाली. तू अजून दहा ट्रॅक करशील. माझ्याकडं यवढाच हाय.’’

स्कूटरला किल्ली लावताना तिनं ठरवलं की मेल पाठवून टाकायची. परवानगी आहे. एक ओळ. अप्पांच्या शिट्टीला कुठं काय कळणार आहे की ती ट्रॅकमध्ये आहे की नाही. बंटीचे चुलते येतील, त्याची बायको साडी नेसेल. तिचा राग तसाच होता, जरासुद्धा उतरला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा हेच कळेनासं झालं होतं. माणसं सगळी चांगली होती. अनिश चांगला, पूर्वी चांगली, तो मास्टरिंगवाला आपल्या कामात चोख, तो साहेबही खुर्ची देणारा. या चांगल्या माणसांच्या रांगेच्या एका टोकाला पत्र्याची शेड होती आणि दुसऱ्या टोकाला अप्पा पलंगावर बसले होते, आणि मधे कुणाचाच काही दोष नव्हता.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भाजी निवडत होती. अप्पा टीव्ही बघत होते, आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत. तिचा चेहरा बघून त्यांनी हातानंच काय झालं विचारलं. त्यांच्याशी ती फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून बोलत असे. तिला सांगायचं नव्हतं, पण दिवसभर गिळलेलं कुठंतरी ओकणं भाग होतं. तिनं लिहिलं: त्यांनी गाण्यातनं शिट्टी काढून टाकली.

अप्पांनी वाचलं. चष्मा नीट करून पुन्हा वाचलं.

‘‘काढली?’’

तिनं मान हलवली.

‘‘पार काढली? जरा बी न्हाई ऱ्हायली?’’

नाही, ती हातानं म्हणाली. साफ.

अप्पा उठले. टीव्हीचं बटण बंद केलं. खुंटीवरचा सदरा घेऊन अंगात घातला आणि गुंड्या लावता लावता, तिच्याकडे न बघता, त्या त्यांच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, ‘‘कोन हाय त्यो? लांब ऱ्हातो का? डॉक्टर तर म्हनला हुता निघत न्हाई.’’

आईचा भाजीवरचा हात थांबला. दिपालीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. अप्पा दाराशी जाऊन चपला शोधत होते. तिनं त्यांचा दंड धरला आणि फोनवर लिहिलं की फक्त गाण्यातनं काढली, अप्पा. डोक्यातनं कुणाला काढता येत नाही. लिहिताना दोनदा चुकलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. एक पाय चपलेत होता. तो त्यांनी हळूच बाहेर काढला.

‘‘मग गान्यातनं काढून काय उपेग,’’ ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागले.

जेवणाआधीच तिनं अनिशला मेल लिहिली. परवानगी नाही. कारण लिहिलं नाही. पाठवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. अंग गारच होतं.

रविवार रद्द झाला. अनिशचा एक छोटा, सभ्य निरोप आला, त्यात राग नव्हता, आणि तो नसणं तिला झोंबलं. तेरा जणांपैकी चौघांनी तिला फोनवर बोल लावले, एकानं बाई म्हणून चार वाईट शब्द लिहिले. बंटीनं काहीच लिहिलं नाही; तो समोरून येताना दिसला की बोळात वळे. दोन महिन्यांनी ‘तिसरी पाळी’ तेरा ट्रॅकसह बाहेर आली. गोदाम तोवर कुणी दुसऱ्यानं घेतलं होतं, प्रकाशन झालंच नाही. तिनं आपला ट्रॅक आपल्याच पानावर टाकला, शिट्टीसकट, पूर्ण, नावाच्या जागी नुसता आकडा: ५८००. आठवडाभरात एकेचाळीस जणांनी ऐकला. कुठल्याशा परदेशी माणसानं खाली लिहिलं की फाइल खराब आहे, वर सारखा एक आवाज येतो, दुरुस्त करा. तिनं ते पुसलं नाही. उत्तरही दिलं नाही. कंपनीत जाई, गेज लावी, नापास भागांना लाल चिठ्ठ्या बांधी, परत येई. राग जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून राहिला होता; तो घर सोडेल असं तिलाही आता वाटत नव्हतं.

मग एका गुरुवारी, भोसरीतल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, दारात बंटी उभा होता. दिपालीची त्या दिवशी दुसरी पाळी होती, ती डबा भरत होती. तो आत येईना. आईनं दोनदा ये म्हटलं तरी चौकटीला धरून राहिला. तिला वाटलं, आता अडीच-तीन महिन्यांचं सगळं बोलून घेईल, आणि तिनं मनाची तयारीही केली; मिंधा हा शब्द तिलाही रोज आठवत होता. पण तो भांडायला आलेला दिसत नव्हता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

‘‘तुझा ट्रॅक ऐकला काल,’’ तो म्हणाला. ‘‘पुरा.’’

तिनं डब्याचं झाकण उचललं.

‘‘ठोके थांबले. शिट्टी ऱ्हायली. ऐकत ऱ्हायलो. म्हनलं, ही कवा संपती बघू.’’ त्यानं चौकटीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. ‘‘मग फोन बघितला तर ट्रॅक संपून गेल्याला. हेडफोन काढला. तरी व्हतीच.’’

डब्याचं झाकण दिपालीच्या हातात तसंच राहिलं.

‘‘कधीपासून?’’ तिनं विचारलं.

बंटीनं उजव्या कानात करंगळी घातली, हलवली, काढली. लेथवर काम करणाऱ्या माणसाची ती करंगळी, नखात काळी रेघ. त्याला प्रश्नच नीट कळला नसावा.

‘‘कवापासून म्हंजी?’’ तो म्हणाला. ‘‘पयल्यापासूनच. मला वाटलं, समद्यांनाच असती.’’

पलंगावर अप्पा बसले होते. त्यांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण कानात गेलेली करंगळी त्यांनी बघितली होती. त्यांनी मांडीवरचं पांघरूण बाजूला केलं, भिंतीकडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळवा आपटून बंटीला बस म्हणाले.